उसाचं बिल चौदा दिवसांत, असा कायदा आहे. मग पैसे अडतात कुठं?

कारखाना, बँक, सरकार आणि शेतकरी या चौघांत पैसे कुठं थांबतात आणि त्याची किंमत गाव कशी मोजतं, याचं विश्लेषण

उसाची शेवटची मोळी ट्रॉलीत पडली, गाडी काट्यावर गेली की शेतकऱ्याच्या हातात वजनाची पावती येते. त्यावर गाडी नंबर असतो, टन असतात, तारीख असते. पैसे कधी मिळणार, हे मात्र लिहिलेलं नसतं. मग पारावर चर्चा सुरू होते. कुणी सांगतं महिन्याभरात येतील, कुणी सांगतं पाडव्याला, कुणी म्हणतं साखर विकली की.

खरं तर ही तारीख पारावर ठरवायची नाही. ती १९६६ पासून कायद्यात लिहिलेली आहे. केंद्र सरकारच्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस कारखान्याला पोहोचल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे आहेत. उशीर झाला तर त्या रकमेवर वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यायचं आहे. आणि तरीही दिले नाहीत, तर जमीन महसुलाची थकबाकी वसूल करतात तशी कारखान्याकडून वसुली करायची आहे. शेतसारा थकला की तलाठी जसा दारात येतो, तसंच तहसीलदारानं कारखान्याच्या दारात जायचं.

कागदावर बघितलं तर शेतकऱ्याच्या बाजूचा इतका स्पष्ट कायदा दुसऱ्या कुठल्या पिकाला क्वचितच असेल. तरीही दर हंगामात "एफआरपी थकली" ही बातमी येतेच. कायदा चांगला असून पैसे का अडतात, आणि अडले की गावाचं नेमकं किती नुकसान होतं, हे समजून घेणं गरजेचं आहे. कारण विकास म्हटलं की आपल्यासमोर रस्ता, पूल, एमआयडीसी येते. दिलेला शब्द तारखेला पाळला जातो की नाही, हा विकासातला भाग मात्र कुणी मोजत नाही.

एका बिलाचा हिशेब

आधी दर बघू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये ठरवली. उतारा जास्त असेल तर दर वाढतो, कमी असेल तर कमी होतो. पण साडेनऊ टक्क्यांच्या खाली उतारा गेला तरी टनाला ३,२९० रुपये ५० पैसे हा दर राहतो. यातून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा होऊन उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर येते.

समजा एका शेतकऱ्यानं दोन एकरांतून ८० टन ऊस घातला. तोडणी-वाहतूक वजा जाऊन टनाला २,७०० रुपये हाती येतात असं धरू. बिल झालं २ लाख १६ हजार. हे पैसे १४ दिवसांची मुदत संपल्यावर आणखी ९० दिवस उशिरा आले, तर १५ टक्क्यांनी व्याज होतं जवळपास ८ हजार रुपये. एका खताच्या डोसाचे पैसे त्यातून सुटतात.

आता गावाचा हिशेब करा. गावातून २० हजार टन ऊस जात असेल तर बिल होतं ५ कोटी ४० लाख. तीन महिने उशीर म्हणजे साधारण २० लाखांचं व्याज. ते व्याज कारखान्यानं दिलं नाही आणि गावानं मागितलं नाही, तर त्या तीन महिन्यांत गावानं कारखान्याला साडेपाच कोटी बिनव्याजी वापरायला दिले असा त्याचा अर्थ होतो. अशी किती गावं एका कारखान्याच्या कार्यक्षेत्रात असतात, त्यावरून आकडा कुठं जाईल याचा अंदाज करता येईल.

पण खरं नुकसान या व्याजापेक्षा मोठं आहे. सोसायटीचं पीक कर्ज वेळेत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं कर्ज बिनव्याजी पडतं. मुदत चुकली की ही सवलत जाते आणि पुढं नाव थकबाकीदारांच्या यादीत. थकबाकीदाराला नवीन कर्ज नाही. मग कृषी सेवा केंद्रात उधारी. उधारीच्या खताचा भाव रोखीपेक्षा जास्त लागतो, हे सांगायला कुणाची गरज नाही. दुकानदाराचाही दोष नाही. त्याचे पैसे कधी येणार हे त्यालाही ठाऊक नसतं, म्हणून तो आधीच भाव चढवून ठेवतो. ट्रॅक्टरचा हप्ता चुकला की फायनान्सवाला दंड लावतो. लग्नाची तारीख पुढं ढकलली जाते, नाहीतर सावकाराकडं जावं लागतं.

म्हणजे एक बिल अडलं की त्याच्या मागं पाच व्यवहार अडतात. आणि प्रत्येक जण "पैसे वेळेवर येणार नाहीत" हे गृहीत धरून आपला दर वाढवतो. अविश्वासाची ही किंमत कुठल्याच पावतीवर छापलेली नसते, पण गावातला प्रत्येक माणूस ती भरतो.

कारखान्याची बाजूही बघावी लागेल

पैसे थकले की चेअरमनला शिव्या घालणं सोपं आहे. पण कारखान्याचा हिशेब बघितल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

कारखाना चार-पाच महिन्यांत ऊस गाळतो, साखर मात्र वर्षभर विकतो. केंद्र सरकार दर महिन्याला विक्रीचा कोटा ठरवून देतं, त्यापेक्षा जास्त विकता येत नाही. मग १४ दिवसांत बिल द्यायला पैसे आणायचे कुठून? तर गोदामातली साखर बँकेकडं तारण ठेवून. बँक साखरेचं मूल्यांकन करते, त्यातून मार्जिन राखते, आधीच्या कर्जाचे हप्ते टॅगिंगनं कापून घेते, आणि उरेल ते उसाच्या बिलाला देते.

दुसरा मुद्दा साखरेच्या किमान विक्री दराचा. जून २०१८ मध्ये तो किलोला २९ रुपये होता, फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये झाला. २०२४-२५ च्या हंगामातही तो तेवढाच होता. या काळात एफआरपी मात्र २०१८-१९ मधल्या टनाला २,७५० रुपयांवरून २०२४-२५ मध्ये ३,४०० वर गेली (पायाभूत उतारा १० वरून १०.२५ टक्के झाला, हेही लक्षात घ्यायला हवं). बाजारात साखर ३१ पेक्षा वर विकली जाते हे खरं, पण बाजार पडला तर तळ तिथंच.

तिसरा मुद्दा इथेनॉलचा. साखर साठवून ठेवण्यापेक्षा इथेनॉल करा, तेल कंपन्या लवकर पैसे देतात, असं सरकारनंच सांगितलं. कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभ्या केल्या. आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी, हंगाम ऐन भरात असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला केंद्रानं बंदी घातली. आठवड्याभरात ती थोडी सैल केली आणि पुढच्या हंगामासाठी २०२४ च्या ऑगस्टमध्ये उठवली. पण त्या हंगामाचं गणित कोलमडलं ते कोलमडलंच.

कांदा उत्पादकांना हे नवीन नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये थेट बंदी, ती ३१ मार्चपर्यंत म्हणून जाहीर झालेली, मग पुढं वाढवलेली, मे २०२४ मध्ये उठवलेली पण शुल्क कायम, सप्टेंबरमध्ये शुल्क निम्म्यावर, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. दीड-पावणेदोन वर्षांत इतक्या वेळा नियम बदलला. चाळीत कांदा भरताना शेतकऱ्यानं कुठला नियम धरून भरायचा?

कायद्याचं राज्य म्हणजे फक्त चोराला शिक्षा नव्हे. सरकारनं घालून दिलेला नियम सरकारनंही हंगामाच्या मध्यात मोडू नये, हाही त्याचाच भाग आहे. डिस्टिलरी काय, चाळ काय, ती उद्याच्या भरवशावर बांधली जाते.

पण एक गोष्ट इथं सोडून देता येणार नाही. बाजाराची अडचण सगळ्या कारखान्यांना सारखीच असते. त्याच दरात, त्याच कोट्यात, त्याच बँकेकडून उचल घेऊन काही कारखाने वेळेत बिल काढतात आणि शेजारचा कारखाना तीन-तीन महिने लावतो. म्हणजे फरक चालवण्यातही आहे.

एक शासन निर्णय आणि तीन हंगाम

२१ फेब्रुवारी २०२२ रोजी राज्य सरकारनं एक शासन निर्णय काढला. त्यानुसार एफआरपी दोन टप्प्यांत द्यायची सोय झाली. आधी मागच्या हंगामाचा उतारा धरून पूर्ण एफआरपी १४ दिवसांत द्यायची पद्धत होती. नव्या निर्णयात पुणे आणि नाशिक विभागासाठी १० टक्के आणि बाकी विभागांसाठी साडेनऊ टक्के उतारा धरून पहिला हप्ता, आणि उरलेले पैसे हंगाम संपून त्या वर्षीचा उतारा निघाल्यावर, असं ठरलं. कोल्हापूर-सांगलीसारख्या भागात, जिथं उतारा बारा टक्क्यांच्या आसपास असतो, तिथं याचा अर्थ टनामागं शेकडो रुपये काही महिने मागं राहणार असा होता.

माजी खासदार राजू शेट्टी यांच्यासह काही जणांनी याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं हा शासन निर्णय रद्द केला. एफआरपी केंद्राच्या आदेशानं ठरते, ती देण्याची पद्धत राज्य सरकार शासन निर्णय काढून बदलू शकत नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

निकाल शेतकऱ्याच्या बाजूनं लागला, पण तारखा बघा. निर्णय फेब्रुवारी २०२२ चा, निकाल मार्च २०२५ चा. मधले तीन हंगाम गाळप होऊन गेले. चुकीचा नियम तीन वर्षं चालला आणि मग चुकीचा ठरला. एखाद्या शेतकऱ्याला या तीन वर्षांत मागं राहिलेल्या पैशांवर व्याज मागायचं असेल तर त्याला पुन्हा वेगळी लढाई करावी लागेल.

न्याय मिळतो पण उशिरा मिळतो, ही तक्रार फक्त आपली नाही. जागतिक बँकेच्या व्यवसाय सुलभतेच्या २०२० च्या अहवालात भारताचा एकूण क्रमांक ६३ वा होता, पण करार पाळायला लावण्याच्या बाबतीत १६३ वा. एक साधा व्यापारी वाद कोर्टातून सुटून वसुली व्हायला मुंबई-दिल्लीत सरासरी १,४४५ दिवस लागतात, असं त्यात म्हटलं होतं. आकडेवारीतल्या गडबडींमुळं तो अहवालच पुढं २०२१ मध्ये बंद झाला, ही गोष्ट वेगळी. पण चार वर्षांचा अंदाज तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या कुणालाही अतिशयोक्तीचा वाटणार नाही.

जप्तीचा कागद निघतो, मग पुढं काय होतं?

एफआरपी थकली की पुण्याच्या साखर संकुलातून साखर आयुक्त कारखान्यावर आरआरसी काढतात. आरआरसी म्हणजे महसुली वसुली प्रमाणपत्र. ते जिल्हाधिकाऱ्यांकडं येतं, तिथून तहसीलदारांकडं. तहसीलदारानं साखर, मळी, गरज पडली तर इतर मालमत्ता जप्त करून विकायची आणि शेतकऱ्यांचे पैसे द्यायचे. कागद निघाला की बातमी येते, गावात पेढे वाटले जातात. पण पैसे लगेच येतातच असं नाही. याची दोन मोठी कारणं आहेत.

पहिलं कारण कायद्यातलंच आहे. गोदामातली साखर आधीच बँकेकडं तारण असते. कर्नाटकातल्या सिरिगुप्पा शुगर्सच्या प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तारण ठेवलेल्या साखरेवर पहिला हक्क तारण घेणाऱ्या बँकेचा. ऊस उत्पादकांच्या थकबाकीसाठी ती साखर बँकेच्या आधी घेता येणार नाही. म्हणजे ऊस शेतकऱ्याचा, त्याची साखर झाली, ती साखर तारण गेली, आणि वसुलीच्या रांगेत शेतकरी बँकेच्या मागं. १४ दिवसांचा कायदा एका हातानं देतो ते तारणाचा नियम दुसऱ्या हातानं अडवतो. यावर उपाय विधिमंडळात आणि संसदेतच निघू शकतो. तहसीलदाराच्या हातात तो नाही.

दुसरं कारण राजकारणाचं. अनेक तालुक्यांत कारखान्याचा चेअरमन, आमदार आणि जिल्हा बँकेचा संचालक एकाच घरातले, कधी तर एकच माणूस. वसुली करायची ज्याच्यावर, त्याच्याच बैठकीला तहसीलदारानं हजर राहायचं. अशा वेळी फाईल हळू चालते, हे कुणी लिहून देत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. साखर आयुक्तांकडं आणखी एक हत्यार आहे, गाळप परवान्याचं. मागची एफआरपी थकलेली असेल तर नवीन परवाना रोखता येतो. पण इथंही अडचण आहेच: परवाना रोखला तर शेतातला उभा ऊस कोण नेणार? म्हणून शेवटी तडजोड होते, हमीपत्र घेतलं जातं आणि बॉयलर पेटतो.

महाराष्ट्रानं हे एकदा करून दाखवलंय

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, आपल्याकडं असंच चालायचं. पण हाच साखर धंदा आपल्याकडं उभा राहिला तो नियमाच्या जोरावर. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला देशातल्या सुरुवातीच्या सहकारी कारखान्यांपैकी एक उभा केला, तो १९५० च्या सुमारास सुरू झाला. त्या वेळी शेतकऱ्यांकडं भांडवल नव्हतं. होता तो सहकार कायदा, नोंदणी, शेअर, पोटनियम, लेखापरीक्षण. आपण भरलेला शेअर कुणी खाणार नाही आणि आपलं मत एकाला एक मोजलं जाईल, एवढ्या भरवशावर लोकांनी पैसे भरले. त्यातून कारखाने झाले, त्यांच्या आजूबाजूला शाळा, कॉलेज, दवाखाने झाले.

पुढं जिथं लेखापरीक्षण नावापुरतं राहिलं, सभा पाच मिनिटांत "मंजूर, मंजूर" म्हणत उरकली जाऊ लागली, तिथं कारखाने आजारी पडले, भाड्यानं गेले, विकले गेले. या कारखान्यांना कर्ज देणाऱ्या राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळही २०११ मध्ये बरखास्त झालं आणि प्रशासक आले. नियमानं कर्जवाटप सुरू झाल्यावर तीच बँक पुढं नफ्यात आली. बँक तीच होती, राज्य तेच होतं. बदल झाला तो हिशेब तपासण्यात.

जिथं कायदाच नाही, तिथली अवस्था

ऊसवाल्यांकडं निदान १४ दिवसांचा कायदा आहे. द्राक्षवाल्यांकडं काय आहे? व्यापारी बागेत येतो, दर ठरवतो, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख देतो, मग चेक देतो आणि हंगाम संपता संपता फोन बंद. २०२०-२१ मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तत्कालीन विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम घेतली आणि अनेक शेतकऱ्यांचे अडकलेले पैसे परत मिळाले. मोहीम चांगलीच होती. पण अधिकारी बदलला की मोहीम थंडावते आणि कायदा मात्र टिकतो, म्हणून पैशाची हमी अधिकाऱ्याच्या स्वभावावर सोडून चालत नाही.

धुळे जिल्ह्यातल्या एका मका उत्पादकाचं उदाहरण २०२० मध्ये देशभर गाजलं. त्यानं मध्य प्रदेशातल्या व्यापाऱ्याला ३ लाख ३२ हजारांचा मका विकला, २५ हजार आगाऊ मिळाले, बाकीचे चार महिने अडकले. त्या वेळी नुकत्याच आलेल्या कृषी कायद्यात तीन दिवसांत पैसे देण्याची आणि प्रांताधिकाऱ्याकडं दाद मागण्याची तरतूद होती. त्यानं तक्रार केली आणि पैसे मिळाले. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला.

पुढं ते तिन्ही कायदे २०२१ मध्ये मागं घेतले गेले. त्यात दिवाणी कोर्टात जायची वाट बंद केली होती, यावर शेतकरी संघटनांचा आक्षेप होता आणि तो बिनमहत्त्वाचा नव्हता. पण ते कायदे हवे होते की नको, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: दाद मागायची जागा जवळ असेल, मुदत स्पष्ट असेल आणि अधिकारी ऐकायला बांधील असेल, तर चार महिने अडकलेले पैसे सुटू शकतात.

लघुउद्योजकांना अशी सोय केंद्रानं दिलेली आहे. त्यांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय मुदतीत न दिलेला खर्च खरेदीदाराला त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही. द्राक्ष, डाळिंब, केळी पिकवणाऱ्याला अशी तरतूद का नसावी, हा प्रश्न लोकप्रतिनिधींना विचारायला हरकत नाही.

मुकादम, वाहनमालक आणि तोडकरी

उसाच्या या साखळीत आणखी एक दुवा आहे, ज्याच्याकडं कायदा जवळपास पोहोचतच नाही. वाहनमालक मुकादमाला लाखोंची उचल देतो. टोळी येते तर येते, नाहीतर मुकादम गायब. ट्रॅक्टर दारात उभा आणि कर्ज डोक्यावर. पोलीस ठाण्यात गेलं तर व्यवहार साध्या नोटरीवर, कधी तोंडी.

दुसऱ्या बाजूला बीड, नगर, जालन्याकडून येणारं तोडकऱ्याचं जोडपं. त्यांनी किती उचल घेतली, किती टन तोडले, किती फिटले, याचा हिशेब बहुतेक वेळा मुकादमाच्या वहीत. फिटलं नाही तर पुढच्या वर्षी परत त्याच्याचकडं. फसलेला वाहनमालक आणि अडकलेला तोडकरी, दोघांचं दुखणं एकच आहे: नोंदणीकृत करार नाही, खात्यावरून व्यवहार नाही आणि वाद झाला तर जायचं कुठं ते ठरलेलं नाही. मग काही ठिकाणी मारहाण, डांबून ठेवणं असे प्रकार होतात आणि हिशेबाचा साधा प्रश्न गुन्ह्याच्या नोंदीत जातो.

शेतकऱ्यानं आता काय बघावं?

कायदा बदलायला वेळ लागेल. पण आहे तो कायदा वापरायला काही गोष्टी आज करता येतात.

• नोंदीचा करार वाचा. ऊस नियंत्रण आदेशात "लेखी करार वेगळा नसेल तर" १४ दिवस, असं म्हटलंय. हप्त्यानं पैसे घ्यायला तयार आहे अशी ओळ फॉर्मवर असेल आणि खाली सही असेल, तर १४ दिवसांचा दावा तिथंच कमजोर होतो. न वाचता सही करू नका, फॉर्मचा फोटो काढून ठेवा.

• प्रत्येक खेपेची पावती जपा. मोबाईलमध्ये फोटो, तारखेसह. व्याजाचा हिशेब ऊस पोहोचल्याच्या तारखेपासून चालतो, ती तारीख सिद्ध करणारा कागद हाच.

• वजनाचा संशय असेल तर आधी बाहेरच्या काट्यावर वजन करून घ्या. काटामारीची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडं करता येते. एकट्यानं करण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून लेखी करावी.

• १४ दिवस उलटले की लेखी मागणी करा. अर्ज कारखान्याला, प्रत प्रादेशिक साखर सहसंचालकांना आणि साखर आयुक्तांना. अर्जात मूळ रक्कम आणि १५ टक्के व्याज दोन्ही मागा. तोंडी विचारणा कुठंच नोंदली जात नाही.

• आरआरसी निघाली असेल तर तहसील कार्यालयात पाठपुरावा करा. जप्ती कधी, लिलाव कधी, किती वसूल झाले, हे माहिती अधिकारात विचारता येतं.

• व्यापाऱ्याचा चेक बाऊन्स झाला तर दिवस मोजा. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार. "देतो, देतो" म्हणत त्यानं ही मुदत घालवली तर त्या चेकचा खटला अवघड होऊन बसतो.

• मुकादमाला उचल खात्यावरूनच द्या, रोख नको. करारावर साक्षीदार आणि दोघांचे आधारचे तपशील असू द्या.

सभेत विचारायचे तीन प्रश्न

सहकारी कारखान्याची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. तिथं प्रत्येक सभासदाला बोलायचा हक्क आहे. पुढच्या सभेत तीन प्रश्न लेखी द्यावेत आणि उत्तर इतिवृत्तात घ्यायला लावावं. गेल्या हंगामात किती टनांचं बिल १४ दिवसांत दिलं आणि किती टनांचं उशिरा? उशिराच्या बिलावर व्याज किती झालं आणि किती दिलं? साखर तारण ठेवून उचललेल्या पैशांतून उसाच्या बिलाला किती गेले आणि बाकीचे कुठं गेले?

खासगी कारखाना असेल तर सभा नाही, पण साखर आयुक्तालयाचा एफआरपीचा अहवाल आहे आणि पुढच्या वर्षी ऊस कुणाला घालायचा हा निर्णय शेतकऱ्याच्या हातात आहे. आडसाली लागणीची नोंद द्यायच्या आधी शेजारच्या दोन कारखान्यांनी गेल्या हंगामात किती दिवसांत पैसे दिले, एवढं जरी गावानं मिळून तपासलं, तरी ज्याला ऊस हवाय त्या कारखान्याला बिलाची तारीख पाळावी लागेल.